वाढीचं कापड

१२ जुलै

चि. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. आधी वाटलं, एवढं फोनवर विचारलं असतंस तरी चाललं असतं. मग ध्यानात आलं, तुझा फोन येतो तेव्हा तुझी गुंडी माझ्या मांडीवर असते आणि वहिनी शिलाई मशीनवर. दुकानामागच्या एका खोलीत तिसऱ्या माणसाबद्दल काही बोलायचं तर पत्रच बरं.

तू लिहिलंस की इस्पितळाच्या धुलाईघरातली तुझी नोकरी कायम झाली, पण राहायची खोली मिळायला डिसेंबर उजाडेल. तोवर पोरीची शाळा बुडू नये, इथेच बालवर्गात बसवा, नाताळच्या सुट्टीत मी घेऊन जाईन. तसंच केलं. आपल्या रस्त्याच्या टोकाला पिवळी सरकारी शाळा आहे ना, तिथे काल नाव घातलं.

बालवर्गाच्या बाई उंच आहेत आणि मुलांशी बोलताना गुडघ्यांवर बसतात. त्यामुळे त्यांच्या गुडघ्यांना कायम खडूची भुकटी. मला म्हणाल्या, पालकांनी इकडे बसावं. मी मागे वळून बघितलं, कोण पालक आले म्हणून. मागे कुणी नव्हतं, तेव्हा मीच बसलो. खुर्ची मुलांच्या मापाची. बसताना बसलो, उठताना बाईंनी हात दिला.

मी त्यांना सांगितलं की मी मामा. मुलीचे वडील नाहीत, आई परगावी नोकरीला आहे आणि डिसेंबरात नेणार आहे. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं. पोरगी इथे रुळवायची आणि रुळली की उचलायची, हे त्यांच्या मनात आलं असावं. माझ्या तरी आलं.

मुलांना वाचता येत नाही म्हणून दप्तराच्या खुंट्यांवर नावांऐवजी चित्रं आहेत. आम्ही पोचलो तोवर पक्षी, मोटार, फुलं सगळी गेली होती. उरला होता कांदा आणि किटली. गुंडीने बराच विचार करून किटली घेतली. कांद्याला हसतात म्हणे.

बालवर्गाला गणवेश नाही, पण कपड्यांवरून घालायला निळा झगा लागतो. अख्ख्या वर्गाचे झगे शिवायला माझ्याकडे आले आहेत. वहिनी म्हणते, शाळा पोरीची ठरली आणि काम आमचं वाढलं.

काळजी करू नकोस. देव पाठीशी आहे.

तुझा,
दादा

२१ जुलै

ती. दादास आणि वहिनीस,
नमस्कार.

किटलीचं वाचून हसले. माझ्या शेजारी काम करणारीने विचारलं काय झालं, तिला सांगितलं, तीही हसली. मग चादरींचा गठ्ठा आला.

इथे काम तेच. ओल्या चादरी येतात, यंत्राच्या तापलेल्या रुळांतून जातात, पलीकडून कडक होऊन बाहेर पडतात. आम्ही दोघी दोन टोकं धरून घड्या घालतो. आता नोकरी कायम झाली, म्हणजे चूक केली तरी आधी ताकीद मिळेल, एवढाच फरक.

दादा, तिचे बाबा गेल्यावर मी गुंडीला तुमच्याकडे ठेवलं ते वर्षभरासाठी म्हणून. आता दोन वर्षं होऊन गेली. तुम्ही एकदाही तोंडातून शब्द काढला नाहीत. मला ते कळतं.

एक मागणं आहे. शाळेचा पहिला दिवस जसा होईल तसा लिही. फोनवर ती मला ‘हो’, ‘बरी आहे’, ‘ठेवू का’ एवढंच म्हणते, बँकेतल्या बाईसारखी. तिच्याबद्दल मला जे कळतं ते तुझ्याकडूनच. तेव्हा रडली तर रडली म्हणून लिही. मला जपू नकोस.

धाकटी

५ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

बालवर्ग मागच्या सोमवारी सुरू झाला. गुंडी गेली. फाटकाशी माझा हात सोडला, आत गेली, मागे वळून पाहिलं नाही. दप्तर किटलीवर टांगलं आणि जागेवर बसली. बाई म्हणाल्या, शहाणी आहे.

बाकीच्या मुलांचं मात्र विचारू नकोस. एकाने फाटकाचे गज असे धरले होते की त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. एका मुलीने तर सोडायला आलेल्या माणसाच्या शर्टाचा खिसाच उसवला. पकडला तो सोडेना. शेवटी बाई मुलीला घेऊन गेल्या आणि तो माणूस लोंबणारा खिसा हाताने दाबून रस्त्याने परत गेला.

मी आपल्या गावच्या शाळेत गेलो तेव्हा मला कुणी सोडायला आलं नव्हतं. एक खोली, चार वर्ग आणि एकच गुरुजी. ते एका वर्गाला पाढे देऊन दुसऱ्याकडे वळायचे. रडायचं तर कुणाकडे बघून रडायचं, हा प्रश्न होता. म्हणून रडलो नाही. आता वाटतं, रडायला समोर माणूस असणं हेही नशीबच.

मी पहिले काही दिवस फाटकाबाहेरच उभा राहत होतो. वहिनी म्हणाली, “शाळा तिची भरते की तुमची?” मग दुकानात येऊन बसलो.

सगळं ठीक आहे.

दादा

२२ ऑगस्ट

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तितकासा पडला नाही. का ते नीट सांगता येत नाही, तरी लिहिते.

रडली नाही हे चांगलंच. न्यायला कुणीतरी येणार याची खात्री असली की मूल रडत नाही. तू येणार हे तिला माहीत होतं. मी तिला तुमच्याकडे ठेवून निघाले तेव्हा ती झोपेत होती. तुम्हीच म्हणालात, जागी असताना निघू नकोस, आकांत होईल. त्यामुळे माझ्यासाठी रडायची वेळच तिच्यावर आली नाही. किंवा आली असेल, ती मी पाहिली नाही.

ऑक्टोबरात सलग तीन दिवस सुट्टी मिळतेय. येते. तिला आधी सांगू नका. नाही, सांगा. एकदम समोर उभी राहिले आणि तिने ओळखलंच नाही तर कसं, असं मनात आलं. वेडेपणा आहे, पण सांगाच.

धाकटी

१० ऑक्टोबर

ती. दादास,
नमस्कार.

नीट पोचले. वहिनीने घर इतकं आवरलं होतं की बसावं कुठे हे मला कळत नव्हतं, हे तिला सांग. आणि बरोबर दिलेला सगळा खाऊ आल्याबरोबर मी आणि माझ्या शेजारी काम करणारीने संपवला, हेही सांग.

आता जे तोंडावर बोलता आलं नाही ते.

निघायच्या आदल्या दिवशी मी गुंडीचा निळा झगा धुवायला घेतला. आमच्याकडे इस्पितळाची कापडं येतात, त्यांत सुई, टाचणी, काहीही अडकलेलं असतं. म्हणून प्रत्येक कापड उलटं करायचं, प्रत्येक दुमड बोटांनी चाचपायची, मगच पाण्यात टाकायचं. आता हाताला ती खोडच लागली आहे. स्वतःचा रुमालही मी चाचपून धुते. तसा झगा उलटा केला आणि खालची दुमड चाचपली. ती संपेचना. चार बोटं आत, आणि त्याच्याही आत आणखी चार. बाह्यांना तसंच. कुशीच्या शिवणींत दोन्हीकडे कापड सोडलेलं.

मी शिंप्याची बहीण आहे, दादा. हे कापड डिसेंबरपर्यंतचं नाही. ही पोर आणखी तीन वर्षं वाढली तरी पुरेल एवढं आहे.

झगा धुतला आणि वाळत घातला. वहिनी आत भांडी लावत होती, तू बाहेर गिऱ्हाइकाचं माप घेत होतास. तुम्ही तोंडाने डिसेंबर म्हणता. तुमचं कापड तसं म्हणत नाही. जे खरं असेल ते लिही.

धाकटी

१६ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मुलांच्या कपड्यात वाढीचं कापड ठेवायचं ही धंद्याची रीत आहे. नाही ठेवलं तर सहा महिन्यांत पालक आखूड झालेला कपडा हातात घेऊन भांडायला उभे राहतात. तुझ्या लहानपणी तुझेही फ्रॉक असेच शिवले जायचे, तुला आठवत असेल.

त्यात दुसरं काही शोधू नकोस.

गुंडी मजेत आहे.

दादा

२० ऑक्टोबर

चि. धाकटीस,

मागच्या पत्राचं तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितो आहे. ते पत्र पेटीत टाकून आलो तेव्हा वहिनीने विचारलं, काय लिहिलंत? मी सांगितलं. ती हसली. म्हणाली, “लोकांच्या पोरांना मापात कापता, आणि घरची पोर आली की तुमची कात्री बहिरी होते. हे लिहिलंत का?”

तेवढ्यात योगायोग बघ. बालवर्गातल्या एका मुलाचा झगा बाही फाटली म्हणून दुकानात आला. तोही मीच कापलेला, त्याच दिवशी, त्याच ताग्यातून. उलटा करून बघितला. दोन बोटं दुमड. नेहमी ठेवतो तेवढी.

म्हणजे गुंडीच्या वेळी खडूची रेघ मीच खाली ओढली. हाताने ओढली, डोक्याला विचारलं नाही. कात्री रेघेवरून गेली.

आता पुढचं. दुमडी आणि बटणं वहिनी हाताने करते, हे तुला माहीत आहे. कापड तिच्या मांडीवर गेलं तेव्हाच तिला कळलं असणार. आयुष्यभर माझ्या चुका तिनेच पकडल्या आहेत. यावेळी तिने “एवढं का?” म्हणून विचारलं नाही. दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि टाके घातले. मी ते होताना पाहिलं. मीही काही बोललो नाही.

गुंडी जाणार, याबद्दल आम्ही दोघं दोन वर्षांत एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही. जे बोललो ते त्या कापडात. आम्हाला मूल झालं नाही, त्याचं दुःख कधीच बाजूला ठेवलं होतं, असं मी समजत होतो.

पोर तुझी आहे. डिसेंबरात तू ये आणि घेऊन जा. आम्ही अडवणार नाही. पण अडवावंसं वाटत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि मागच्या पत्रात तेवढं पुरे झालं.

दादा

१ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात आली. आधी दुसरंच उघडलं, त्यामुळे पहिल्याचा राग आला नाही.

तू खरं लिहिलंस, आता मीही लिहिते. झग्याचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागाला धरायला काहीतरी मिळालं याचं बरंच वाटलं. झालेली गोष्ट वेगळीच होती. झगा धुतला त्याच्या आदल्या दिवशी ती झाली.

मी तिला शाळेतून आणायला गेले होते, आठवतं ना? तुम्हाला मी येऊन सांगितलं की छान शाळा आहे. काय झालं ते सांगितलं नाही. वर्ग सुटला, ती बाहेर आली, मला बघून खूश झाली, हात धरून आत घेऊन गेली. बाईंच्या पुढे उभं केलं आणि म्हणाली, “बाई, ही आमच्याकडे पाहुणी आलीये.”

चांगल्या आवाजात म्हणाली. मग मला किटली दाखवली, हात धुवायची जागा दाखवली. दमलात का, पाणी हवं का, असं विचारलं. मला अहो-जाहो करत होती, दादा. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, हो का, पाहुण्या का? मी म्हटलं, हो.

रस्ताभर ती माझ्या बाजूने नीट चालली. वहिनीबरोबर चालते तशी लोंबकळत नाही.

तेव्हा मी असं ठरवलं आहे. कापड तीन वर्षांचं आहे तर तीन वर्षं राहू दे. मोठी झाली की तिचं तिला कळेल. एका जागी रुळलेलं मूल उपटून दुसरीकडे लावायचं, तेही एका पाहुणीच्या हौसेसाठी, हे बरोबर नाही. खोली मिळणार आहे, ती मी घेईन. सुट्टीत मी येत जाईन, आता येते तशीच.

वहिनीला सांग, मी हे रागाने लिहीत नाही.

धाकटी

१९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पत्र रोज सुरू करत होतो.

मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी देवापुढे उभा राहतो. काही मागत नाही, नुसते हात जोडतो, अशी माझी घमेंड होती. तुझं पत्र वाचलं आणि कळलं की दोन वर्षं तोंड न उघडता मी हेच मागत आलो होतो. मागितलेलं मिळालं. त्या दिवशी मी जेवलो नाही. वहिनीही जेवली नाही. गुंडी एकटी जेवली आणि आम्हाला म्हणाली, तुम्ही दोघं आज शहाणे नाही.

मी शाळेत जाऊन बाईंना विचारलं. त्यांना तो दिवस आठवत होता. पोरगी आईवर रुसली आहे का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही मामा. या वयाला जो रोज दिसतो तो घरचा आणि जो बॅग घेऊन येतो तो पाहुणा. यात प्रेम-राग काही नसतं. मग दप्तरं मोजता मोजता म्हणाल्या, त्यांना म्हणावं, रोज दिसा.

घरी येऊन वहिनीला हे सांगितलं. तुझं पत्र तिच्यापुढेच होतं. मी म्हटलं, धाकटी स्वतःहूनच देते आहे, आपण मागितली नाही. वहिनीने हातातलं बटणाचं काज पुरं केलं. मग सुई टोचून ठेवली आणि म्हणाली,

“ती खचली आहे. खचलेल्या माणसाच्या हातातून वस्तू पडते, तिला दिली म्हणत नाहीत. आज आपण हो म्हटलं तर उचलून घेतली असं होईल.”

मी म्हटलं, मग काय करायचं? ती म्हणाली, पडलेलं उचलतात आणि ज्याचं त्याच्या हातात देतात. हे तुम्हाला गावच्या शाळेत शिकवलं नव्हतं का?

तेव्हा ऐक. खोली मिळाली की कळव. तू न्यायला येऊ नकोस. मी गुंडीला घेऊन येतो. तू येऊन नेलीस तर पाहुणीबरोबर गेली असं तिला वाटेल. मी आणून सोडली तर मी परत जाईन, आणि तू तिथेच असशील. तिकडच्या सरकारी शाळेत बालवर्गाची चौकशी करून ठेव.

यावर पुन्हा विचार करू नकोस. आम्हालाही करायला लावू नकोस.

दादा

१४ जानेवारी

ती. दादास आणि वहिनीस,
नमस्कार.

दादा परत गेला त्याला आता पंधरवडा होत आला. फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणते, कारण ती शेजारी असते. खरं ते लिहिते.

शाळा बरी आहे. इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोर. इथेही बालवर्ग आहे, फक्त मुलं जास्त. गुंडीला खिडकीजवळची जागा मिळाली आहे. घरी ती अजिबात त्रास देत नाही. ताट स्वच्छ करते, टॉवेल घ्यायच्या आधी मला विचारते, दिवा लावू का म्हणून विचारते. माझ्याकडे कुणी तपासनीस राहायला आला आहे असं मला वाटतं.

पण सकाळी शाळेच्या फाटकाशी रडते. नुसतं रडणं नाही. मामी, मामी करून हाका मारते. अंग ताठ करते. तिथल्या बाई तरुण आहेत, त्या तिला कडेवर घेऊन आत नेतात आणि मी धुलाईघरात जाते. आमच्या मुकादमबाईंनी मला सकाळी उशिरा यायची सूट दिली आहे, पण ती किती दिवस देणार? रुळाच्या आवाजातही मला ते मामी-मामी ऐकू येतं.

तिथे ती एकदाही रडली नाही. दादाने लिहिलं होतं, मागे वळूनही पाहिलं नाही. इथे रोज रडते. म्हणजे शाळा तशीच, पोर तीच, फरक काय तो माझाच.

मी तिला परत आणून सोडू का? स्पष्ट लिहा. मला वाईट वाटणार नाही.

धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र मी, वहिनी, लिहिते आहे आणि तुझा दादा शेजारी बसून लिहू नकोस म्हणतो आहे. त्याला गिऱ्हाईक आलं, तेवढ्यात लिहून टाकते.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुला वन्सं म्हणायची सवयही झाली नाही, कारण मी या घरात आले तेव्हा तू फ्रॉकात होतीस आणि मी तुझ्या वेण्या घालायचे. तेव्हा जे लिहीन ते सरळ समज.

गुंडी इथे रडली नाही हे खोटं आहे. पहिल्या दिवसापासून रडली. गज धरणारी तीच आणि खिसा उसवणारीही तीच. तो खिसा तुझ्या दादाचा. मीच परत शिवला. महिना उलटला तरी रडणं चालू होतं. मला घरात ऐकू यायचं, एवढा आवाज. आणि हाक कुणाला मारायची माहीत आहे? आईला. इथे मामा सोडायला जायचा, मामी घरी होती, तरी ती आई आई म्हणूनच रडायची. तू येऊन उभी राहिलीस तेव्हा पाहुणी म्हणाली ती हीच.

दादाने तुला हे लिहिलं नाही. तुला त्रास नको म्हणून, असं तो म्हणतो. ते खरं आहे. पण हे वाचलं असतंस तर तू त्याच आठवड्यात येऊन तिला घेऊन गेली असतीस, हेही त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. मीही गप्प राहिले. झग्यासारखंच.

तेव्हा आता नीट ऐक. फाटकाशी पोरं जे माणूस तिथे नसतं त्याला हाक मारतात. इथे तुला मारायची, तिथे मला मारते. त्यावरून मी फुगायचं नाही आणि तू खचायचं नाही.

परत आणू नकोस. आणलीस तर मी दार उघडेन आणि मग पुन्हा कुणाच्या हाती देणार नाही. एकदा दिली, तेवढं जमलं. माझी दुसऱ्यांदा परीक्षा घेऊ नकोस.

मी तिकडे यावं असं तुझ्या मनात आलं असेल तर तेही नको. उन्हाळ्यात येऊ, दोघं. बॅगा घेऊन, पाहुण्यांसारखे.

सकाळी तिला घाई करू नकोस. बूट तिचे तिला घालू दे, उलटे घातले तरी.

दादा आला. थांबते.

तुझी,
वहिनी

११ फेब्रुवारी

ती. दादास आणि वहिनीस,
नमस्कार.

वहिनीचं पत्र मी धुलाईघरात, गठ्ठ्यांच्या मागे बसून वाचलं. दादा, तुझ्यावर रागवावं असं वाटलं होतं. पण मी लिहिलं होतं जपू नकोस, आणि तू जपलंस. त्यात कुणाला किती जपलंस ते आता विचारत नाही.

फाटकाशी रडणं कमी झालं आहे. परवा नुसतं तोंड वाकडं केलं आणि गेली. मी आता पुन्हा वेळेवर कामावर जाते.

कालची गोष्ट सांगायची आहे. शाळा सुटली. येताना एका वळणावर किल्ल्या करून देणारा बसतो. त्याच्या यंत्रातून ठिणग्या उडतात. तिला रोज तिथे उभं राहायचं असतं आणि मी रोज राहते. काल माझे पाय दुखत होते. मी म्हटलं, आज नको, सरळ घरी जाऊ.

ती थांबली. दप्तर रस्त्यावर टाकलं. मग स्वतःही बसली, भिंतीला टेकून, पाय पसरून. म्हणाली, मी येणार नाही, तुझं ऐकणार नाही, तू मला आवडत नाहीस. असं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी उचलायला वाकले तर पायातला बूट काढून माझ्या हातावर मारला. लागला. मी तशीच तिच्यासमोर उभी राहिले.

बाजूने एक बाई चालली होती, भाजीची पिशवी घेतलेली. ती थांबली आणि म्हणाली, काय गं हे? आईला मारतात का असं?

गुंडी तिच्याकडे बघून ओरडली, “माझी आई आहे. मी मारीन.”

बाई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटून निघून गेली. गुंडीने मला आणखी एकदा मारलं, पण आता जोर नव्हता. बूट खाली ठेवला. थोड्या वेळाने दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, उचल.

बरीच जड झाली आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. उचलली.

धाकटी